अभ्यासक्रम-रचनेचे सॉफ्टवेअर : वर्गणी आणि मूळ प्रत

संगणकाच्या साह्याने शिकवावयाचा पाठ एकाच वेळी दोन रूपांत अस्तित्वात असतो. विद्यार्थ्यासमोर येते ते त्याचे प्रकाशित रूप. त्यातील प्रश्न सोडविता येतात, चित्रे पाहता येतात. परंतु त्यातील एकही वाक्य विद्यार्थ्याला बदलता येत नाही. दुसरे रूप पाठ रचणाऱ्या अध्यापकाजवळ असते. तीच त्या पाठाची मूळ प्रत होय. दुरुस्ती, भर, भाषांतर, पुनर्रचना जे काही करावयाचे ते तिच्यातच करावे लागते. छापखान्याच्या जुन्या व्यवहारातील उपमा द्यावयाची तर पहिले रूप म्हणजे बांधून तयार झालेले पुस्तक आणि दुसरे म्हणजे खिळे जुळवून ठेवलेला फर्मा. पुस्तक वाचकाच्या कपाटात वर्षानुवर्षे राहते. पण पुढील आवृत्तीत एखादा अंक जरी बदलावयाचा झाला, तरी फर्म्याकडेच जावे लागते.

ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या रचनेसाठी आज जी सॉफ्टवेअरे वापरली जातात, त्यांपैकी प्रमुख सॉफ्टवेअरे वार्षिक वर्गणीवर मिळतात. वर्गणीदारास मिळणाऱ्या नव्या सोयींचे वर्णन विक्रेत्यांच्या पत्रकांत विस्ताराने केलेले असते. वर्गणी थांबल्यावर फर्म्याचे काय होते, याचा खुलासा मात्र शोधून काढावा लागतो. विद्यापीठीय विभागांच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार 'स्वयम्'वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांद्वारे एखाद्या शिक्षणक्रमातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यास पूर्ण करण्याची मुभा मिळाली आहे. तेव्हा असे पाठ रचणे हा यापुढे हौसेचा विषय राहिलेला नाही.

पाठ रचण्याच्या साधनांचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये 'प्लेटो' ही संगणकीय शिक्षणाची योजना सुरू झाली आणि १९६७ मध्ये तिच्यासाठी 'ट्यूटर' नावाची स्वतंत्र भाषा तयार होऊ लागली. संगणकशास्त्रात न मुरलेल्या अध्यापकालाही आपला पाठ आपणच लिहिता यावा, हा तिचा हेतू होता. पुढे प्लेटोच्याच परंपरेत काम केलेल्या मायकेल ॲलन यांनी १९८७ मध्ये 'ऑथरवेअर' काढले. यात भाषा लिहिण्याऐवजी पडद्यावरील चिन्हे एका रेषेवर मांडून पाठाचा क्रम ठरविता येत असे. १९९२ मध्ये ते मॅक्रोमीडिया कंपनीकडे व २००५ मधील विलीनीकरणाने ॲडोबीकडे गेले. २००७ मध्ये ॲडोबीने त्याचा विकास थांबविला. ऑथरवेअरमध्ये रचलेल्या पाठांची मूळ प्रत उघडावयास ऑथरवेअरच लागत असल्याने, जुने संगणक मोडीत निघाले तसतसे ते पाठही निरुपयोगी होत गेले. या घटनेत वर्गणीचा संबंध नव्हता, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कायमचा परवाना विकत घेतला म्हणजे मूळ प्रत सुरक्षित झाली, असा समज त्यामुळे करून घेता येत नाही.

वर्गणी-पद्धतीचे उदाहरण म्हणून 'आर्टिक्युलेट ३६०' या संचाचा विचार करणे सोयीचे आहे. या कंपनीचे 'स्टोरीलाइन' हे साधन २०१२ मध्ये प्रथम निघाले, तेव्हा ते एकरकमी किंमत देऊन विकत घ्यावयाचे होते. २०१६ मध्ये त्याच कंपनीने अनेक साधने एकत्र करून ती वार्षिक वर्गणीवर देण्यास आरंभ केला. या संचातील दोन साधनांतील भेद मुळातून समजून घेण्यासारखा आहे. स्टोरीलाइन ३६० हे विंडोज संगणकावर बसविण्याचे सॉफ्टवेअर आहे. त्यात पाठ स्लाइडांच्या रूपाने मांडला जातो. प्रत्येक स्लाइडवर एकावर एक थर ठेवता येतात. विद्यार्थ्याने काय केले असता काय घडावे हे 'ट्रिगर' लावून ठरविता येते, आणि त्याची उत्तरे, गुण वा नाव चलांमध्ये साठविता येते. पाठाची मूळ प्रत अध्यापकाच्या संगणकावर फाइलीच्या रूपाने राहते. याउलट 'राइज' हे साधन ब्राउझरमध्ये चालते. त्यात मजकूर, चित्र, प्रश्न असे तयार ठोकळे एकाखाली एक रचावयाचे असतात व तयार झालेला पाठ मोबाइलच्या लहान पडद्यावरही आपोआप नीट बसतो. शिकावयास ते पुष्कळच सोपे आहे. परंतु त्याची मूळ प्रत कंपनीच्या सर्व्हरवर राहते. बाहेर नेता येतात ती पाठाची प्रकाशित रूपे.

वर्गणीदारास मिळणारे लाभ खरे आहेत. नवी आवृत्ती निघाली की ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही. चित्रे व आराखडे यांचा साठा हाताशी असतो. पाठ पूर्ण होण्यापूर्वी सहकाऱ्यांना दाखवून त्यांचे अभिप्राय त्या त्या स्थळीच नोंदवून घेता येतात; ज्या विभागात चार अध्यापक मिळून एक अभ्यासपत्रिका शिकवितात, तेथे या सोयीचे मोल मोठे आहे. सामूहिक वर्गणीत एक सदस्य सोडून गेला तर त्याचे काम दुसऱ्याच्या नावे करता येते. वैयक्तिक वर्गणीपेक्षा सामूहिक वर्गणी महाग पडते हे खरे. तथापि संशोधन-साहाय्यक वा हंगामी अध्यापक जेथे दर वर्षी बदलतात, तेथे एवढ्या एका कारणासाठीही ती घेणे शहाणपणाचे ठरेल.

आता वर्गणी थांबली असे समजू. प्रकाशित झालेले पाठ विद्यापीठाच्या मूडलवर किंवा अन्य प्रणालीवर ठेवले असतील, तर ते तेथे पूर्ववत चालू राहतात. विद्यार्थ्याला काही झाल्याचे कळतही नाही. परंतु स्टोरीलाइन ३६० संपादनासाठी उघडत नाही. फाइल संगणकावर आहे, पण ती उघडावयाची किल्ली नाही, अशी स्थिती होते. राइजच्या बाबतीत तर फाइलही हाती नसते. एखाद्या विभागाने तीन वर्षांच्या प्रकल्प-अनुदानातून वर्गणी भरली, तेवढ्या काळात बारा पाठ रचले आणि अनुदान संपले, तर चौथ्या वर्षी अभ्यासमंडळाने पाठ्यक्रमात केलेला साधा बदलही त्या पाठांत उतरविता येणार नाही. पाठ चालू राहतील, पण ते शिळे होत जातील. अनुदानाचा अर्ज लिहिताना वर्गणीची मुदत प्रकल्पाच्या मुदतीशी नव्हे, तर पाठ वापरात राहण्याच्या मुदतीशी जुळवून पाहिली पाहिजे, ही गोष्ट अर्जाच्या घाईत बहुधा राहून जाते.

मूळ प्रतीचे महत्त्व किती आहे, याचा पुरावा फ्लॅशच्या अस्तानंतर मिळाला. वेबवरील हलत्या-बोलत्या पाठांचा फार मोठा भाग एके काळी फ्लॅशवर अवलंबून होता. ॲडोबीने २०१७ मध्ये पूर्वसूचना देऊन ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला व १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने त्यातील आशय चालविणेच बंद केले. ज्यांच्याजवळ पाठांच्या मूळ प्रती व त्या उघडणारे चालू सॉफ्टवेअर होते, त्यांना तेच पाठ एचटीएमएल ५ मध्ये पुन्हा प्रकाशित करता आले. थोडीफार डागडुजी करावी लागली इतकेच. ज्यांच्याजवळ केवळ प्रकाशित रूप उरले होते, त्यांना पाठ पुनः मुळापासून रचावे लागले अथवा सोडून द्यावे लागले. येथे वर्गणीदार फायद्यात राहिला, हेही निःपक्षपातीपणे मान्य केले पाहिजे. कारण त्याच्या हातातील सॉफ्टवेअर अद्ययावत होते.

प्रकाशित रूपाचेही काही नियम आहेत. निरनिराळ्या साधनांत रचलेले पाठ निरनिराळ्या प्रणालींवर चालावेत म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने 'स्कॉर्म' हे प्रमाण सिद्ध झाले. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ मधील असून ती अद्यापि सर्रास वापरात आहे. स्कॉर्मचा पाठ म्हणजे एक झिप फाइल असते. तिच्या मुळाशी असलेल्या सूचिपत्रात पाठाच्या घटकांची नोंद असते. विद्यार्थ्याने पाठ मध्येच सोडला तर तो कोठवर आला होता, कोणती उत्तरे दिली होती, ही माहिती पाठ व प्रणाली यांच्या देवघेवीतून साठविली जाते. परंतु १.२ आवृत्तीत त्यासाठी केवळ ४,०९६ अक्षरचिन्हांची जागा आहे. स्कॉर्म २००४ च्या नंतरच्या आवृत्त्यांत ती ६४,००० झाली. नव्या सोयींचा मोह व जुन्या प्रमाणाची मर्यादा यांची गाठ येथे पडते. शेकडो स्लाइडा आणि डझनावारी चल यांनी भरलेला पाठ १.२ मध्ये प्रकाशित केला, तर काही विद्यार्थ्यांना परत आल्यावर पाठ पुनः पहिल्यापासून सुरू झालेला दिसतो, आणि दोष बहुधा त्यांच्या इंटरनेटच्या माथी मारला जातो. उपाय साधा आहे : पाठ लहान ठेवावेत, अथवा प्रणालीस चालत असेल तर नंतरची आवृत्ती निवडावी. २०१३ मध्ये सिद्ध झालेले 'एक्सएपीआय' व २०१६ मधील 'सीएमआय ५' ही प्रमाणे अधिक मोकळी आहेत. मात्र ती विद्यापीठाच्या प्रणालीस समजतात की नाही, हे आधी विचारून घ्यावे लागते.

मराठीतून पाठ रचणाऱ्यांना आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली भाषांतराची. पाठातील सर्व मजकूर 'एक्सलिफ' या प्रमाणित रूपात बाहेर काढून, भाषांतर करून, पुन्हा पाठात भरता येण्याची सोय स्टोरीलाइन व राइज या दोहोंतही आहे. इंग्रजी पाठाचे मराठी रूप करताना ती अत्यंत उपयोगी पडते. शिवाय मजकुराची एक स्वतंत्र, कोणत्याही संपादकात उघडणारी प्रत त्यामुळे अनायासे हाती राहते. हा दुसरा उपयोग पहिल्याहून कमी मोलाचा नाही. भाषांतर करावयाचे नसले, तरी हा मजकूर काढून ठेवण्यास हरकत नाही. मात्र चित्रांतच लिहिलेली अक्षरे त्यात येत नाहीत. म्हणून आकृतीवरील नावे चित्रात न रंगविता मजकुराच्या चौकटीत लिहावीत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांची वाचक-सॉफ्टवेअरे देखील अशीच अक्षरे वाचू शकतात.

दुसरी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची. २०२४ पासून आर्टिक्युलेटच्या संचात पाठाचा आराखडा, प्रश्न, चित्रे व ध्वनी तयार करून देणारा साहाय्यक उपलब्ध झाला असून तो अधिक दराच्या वर्गणीत मिळतो. प्रश्नांचा कच्चा मसुदा करून घेण्यास त्याचा उपयोग निःसंशय आहे. परंतु परिभाषेच्या बाबतीत अशा साहाय्यकावर विसंबून चालणार नाही. संख्याशास्त्राच्या पाठात महाराष्ट्रातील विद्यार्थी शाळेपासून 'मध्य', 'मध्यक' आणि 'बहुलक' हे शब्द शिकत आला आहे. तेथे हिंदीतील 'माध्यिका' शिरली, तर चूक लहान दिसते, पण विद्यार्थ्याला ती नवी संकल्पना वाटते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवून असा मसुदा तपासण्यास जो वेळ लागतो, तो वाचलेल्या वेळातून वजा केला म्हणजे या सोयीची खरी किंमत कळते.

वर्गणीवाचूनचे मार्गही आहेत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले व पुढे मुख्यतः स्पेनमध्ये वाढलेले 'ईएक्सई लर्निंग' हे मुक्त परवान्याचे साधन स्कॉर्म संच तयार करू शकते. नॉर्वेत २०१३ मध्ये सुरू झालेले 'एच५पी' २०२० पासून मूडलमध्ये अंगभूत आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात मूळ प्रत व प्रकाशित रूप यांत भेदच उरत नाही. एच५पीची फाइल ही एक झिप फाइल असते, तिच्यातील मजकूर साध्या अक्षररूपात असतो आणि तीच फाइल दुसऱ्या विद्यापीठाच्या मूडलमध्ये घालून तेथील अध्यापक संपादित करू शकतो. एच५पीमागची कंपनी २०२४ मध्ये कॅनडातील डी२एल कंपनीने घेतली. तिची सर्व्हरसेवा वर्गणीची आहे, पण मूळ साधन मुक्त परवान्याखालीच आहे. स्टोरीलाइनची लवचिकता मात्र या साधनांत नाही. रुग्णाशी होणाऱ्या संवादाचे अनेक फाटे असलेला वैद्यकीय पाठ किंवा उपकरण हाताळण्याचे तपशीलवार अनुकरण रचावयाचे असेल, तर वर्गणीचे साधन सरस ठरते. मजकूर, चित्रफीत व स्वयंपरीक्षणाचे प्रश्न एवढ्यावर भागणाऱ्या पाठांसाठी ते घेणे म्हणजे, परखडपणे सांगावयाचे तर, निष्कारण खर्च होय. आणि विद्यापीठातील बहुसंख्य पाठ याच जातीचे असतात.

ज्या विभागात वर्गणी आधीच घेतलेली आहे, तेथे तिची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येक पाठासाठी पुढील सामग्री विभागाच्या स्वतःच्या साठ्यात असावी : स्टोरीलाइनची मूळ फाइल व ती कोणत्या आवृत्तीत जतन केली त्याची नोंद, कारण नव्या आवृत्तीची फाइल जुनीत सहसा उघडत नाही, राइजचा पाठ असल्यास त्याचे वेब, स्कॉर्म व पीडीएफ ही तीनही प्रकाशित रूपे, एक्सलिफमधील सर्व मजकूर, ध्वनी, चित्रे व चित्रफिती मूळ दर्जाच्या वेगळ्या फाइलींत, वापरलेला देवनागरी फाँट, आणि प्रश्नांची उत्तरे व गुणांकनाचे नियम लिहिलेला एक कागद. हे सर्व करण्यास एका पाठामागे साधारण एखादी दुपार लागते. वर्गणी संपल्यावर हेच काम करावयाचे म्हटले, तर पाठ पडद्यावर चालवून त्यातील वाक्ये एकेक करून उतरून घ्यावी लागतात.