इव्हॅन्स्टनचं दप्तर

लेखमाला: नगर, न्याय आणि दान – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण ज्युलियस रोझेनवाल्डच्या शाळा पाहिल्या. १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळजवळ पाच हजार शाळा उभ्या राहिल्या आणि एकूण खर्चात रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे १५ टक्केच होता. बाकीचा पैसा बहुतांशी सरकारी करांतून आणि खुद्द कृष्णवर्णीय शेतकरी-मजुरांच्या वर्गणीतून आला. एकदा कर भरलेल्यांनाच शाळेसाठी पुन्हा पदर मोडावा लागला, हे त्या उदार योजनेतलं दुखणं होतं. आजच्या शहरानं हिशेब दुसऱ्या टोकापासून मांडायला घेतला. नुकसान शहराच्या हातून झालं असेल, तर भरपाईचा पहिला पैसाही शहराच्याच तिजोरीतून निघाला पाहिजे.

हे शहर म्हणजे इलिनॉय राज्यातलं इव्हॅन्स्टन. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी, लोकसंख्या ७८ हजारांच्या आसपास, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठामुळे जगाला माहीत असलेलं. स्वतःला पुरोगामी म्हणवणारं आणि बऱ्याच बाबतींत तसं असलेलं. वंशभेद म्हटला की दक्षिणेतल्या वेगळ्या नळांचं आणि बसमधल्या वेगळ्या बाकांचं चित्र डोळ्यांपुढे येतं. उत्तरेतल्या अशा शहरांत पाट्या नव्हत्या, नकाशे होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी इव्हॅन्स्टनमधली कृष्णवर्णीय कुटुंबं गावभर विखुरलेली होती. पुढच्या दोन-तीन दशकांत ती पश्चिमेकडच्या एका त्रिकोणी तुकड्यात लोटली गेली. तोच आजचा पाचवा प्रभाग. त्याच्या एका बाजूला सांडपाणी वाहून नेण्यासाठी खोदलेला कालवा, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. १९२१ मध्ये शहरानं पहिले झोनिंगचे नियम केले आणि इतर भागांतल्या कृष्णवर्णीयांच्या राहत्या घरांखालची जमीन व्यापारी वापराची ठरत गेली. काही घरं तर अक्षरशः पायावरून उचलून त्या त्रिकोणात नेऊन ठेवली गेली. बँका कर्ज देत नसत, दलाल दुसरीकडे घर दाखवत नसत. १९३० च्या दशकात संघराज्य सरकारच्या गृहकर्ज संस्थेनं शहरोशहरीचे नकाशे रंगवले, तेव्हा हा भाग लाल रंगात गेला. लाल म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. गावातल्या रुग्णालयात कृष्णवर्णीय रुग्णांना जागा मिळत नसे, म्हणून डॉ. इझाबेला गार्नेट आणि त्यांचे पती डॉ. आर्थर बटलर यांनी १९१४ मध्ये छोटं रुग्णालय सुरू केलं. घर हीच मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबाची मुख्य पुंजी, पोराबाळांना ठेवून जायची ठेव. ती पुंजी एका वस्तीत कशी साचू दिली गेली नाही, हे पाचव्या प्रभागात घरोघर ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि कागदावर असणं यांत मात्र फार अंतर असतं, आणि इव्हॅन्स्टनची खरी कामगिरी मला ते अंतर कापण्यात दिसते.

त्यासाठी आधी एक जुना न्यायालयीन निकाल समजून घ्यावा लागतो. व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. तिथली निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय, पण नगराच्या बांधकामांच्या कंत्राटांपैकी एक टक्कादेखील अल्पसंख्याकांच्या कंपन्यांकडे जात नव्हतं. म्हणून नगरानं नियम केला की कंत्राटाच्या रकमेतला किमान ३० टक्के भाग अशा कंपन्यांना द्यायचा. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रोसन खटल्यात तो नियम रद्द केला. देशात सगळीकडे भेदभाव झाला आहे, एवढं सांगून भागणार नाही. तुमच्या हद्दीत, तुमच्या कारभारातून किंवा तुमच्या सहभागानं नेमकं काय घडलं ते दाखवा आणि उपाय तेवढ्यापुरताच आखा, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. या निकालावर टीका खूप झाली आणि ती मला रास्त वाटते. जिथे भेदभाव मुरलेला असतो, तिथे त्याची कागदपत्रं ठेवायची कोणी? पण वंशाधारित उपाय करू पाहणाऱ्या प्रत्येक अमेरिकन नगर परिषदेला तेव्हापासून या अटीतूनच जावं लागतं.

इव्हॅन्स्टनकडे पुरावा होता तो दिनो रॉबिन्सन यांच्यामुळे. त्यांनी १९९० च्या दशकात ‘शोअरफ्रंट’ नावाचं स्थानिक अभिलेखागार उभं केलं. लोकांच्या घरातले अल्बम, चर्चच्या पत्रिका, संस्थांची कागदपत्रं, ज्येष्ठांच्या मुलाखती, असं सरकारी दप्तरात जे आलं नव्हतं ते तिथे जमत गेलं. नगरानं भरपाईचा विचार सुरू केल्यावर रॉबिन्सन आणि इव्हॅन्स्टन इतिहास केंद्राच्या जेनी थॉम्पसन यांनी शहराच्या धोरणांचा आणि रीतींचा कृष्णवर्णीय समाजावर झालेला परिणाम नोंदवणारा अहवाल लिहिला. दानाचं मोल मोजताना आपण रकमा पाहतो. इथे लोकांनी दिलेले फोटो आणि फायली पुढे एका शहराच्या कायदेशीर भूमिकेचा पाया झाल्या. नगरपालिका स्वतःच्या अन्यायाची फाईल आपणहून सहसा जपत नाही. ती जपणाऱ्या संस्थेला पोसणं हे दानशूरांचं फार मोठं आणि फार दुर्लक्षित काम आहे.

ठराव मात्र आधीही झाले होते. देशपातळीवर भरपाईचा अभ्यास व्हावा म्हणून काँग्रेसमध्ये १९८९ पासून मांडल्या जाणाऱ्या विधेयकाला इव्हॅन्स्टननं २००२ मध्येच पाठिंबा दिला. त्यातून पाचव्या प्रभागातल्या कोणाच्या घराचं एक कौलही बदललं नाही. ठराव आणि पाणी यांत किती अंतर असतं, ते मराठी वाचकाला महाडनं शिकवलं आहे. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ मध्ये केला, प्रत्यक्ष पाण्याला हात लागायला १९२७ चा मार्च उजाडावा लागला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं तो ठराव मागेही घेतला.

इव्हॅन्स्टनच्या ठरावामागे पैसा उभा केला तो पाचव्या प्रभागाच्या नगरसेविका रॉबिन रू सिमन्स यांनी. जानेवारी २०२० पासून इलिनॉयमध्ये गांजाची विक्री कायदेशीर होणार होती आणि नगराला त्यावर तीन टक्के कर लावता येणार होता. या करातले पहिले एक कोटी डॉलर भरपाईला द्यायचे, असं नगर परिषदेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवलं. गांजाचाच कर का, याचं उत्तर पोलिसांच्या नोंदींत होतं. कृष्णवर्णीय लोकसंख्या १६ टक्क्यांच्या आसपास, पण गांजा बाळगल्याच्या अटकांमध्ये त्यांचंच प्रमाण कितीतरी जास्त. ज्या वस्तूसाठी त्यांची मुलं पकडली गेली, तिच्या विक्रीतून आता नगराची तिजोरी भरणार होती. त्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, याबद्दल माझ्या मनात तरी संदेह नाही.

२२ मार्च २०२१ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी पहिली योजना मंजूर झाली. १९१९ ते १९६९ या काळात इव्हॅन्स्टनमध्ये राहिलेले, तेव्हा सज्ञान असलेले कृष्णवर्णीय रहिवासी पात्र. त्यांचे थेट वंशजही पात्र, पण क्रम ज्येष्ठांचा आधी. प्रत्येकी २५ हजार डॉलर, तेही घर घेण्यासाठी, दुरुस्तीसाठी किंवा कर्जफेडीसाठी. पहिल्या फेरीत चार लाख डॉलर, म्हणजे फक्त १६ माणसं. जानेवारी २०२२ मध्ये सोडत निघाली. म्हाडाच्या सोडतीला बसलेल्या कोणालाही त्या दिवसाची घालमेल कळेल, फक्त इथले अर्जदार सत्तरी-ऐंशी ओलांडलेले होते. पुढे यादीतले काही जण वाट पाहता पाहताच गेले.

विरोधातलं ते एकमेव मत होतं सिसिली फ्लेमिंग यांचं, आणि त्या स्वतः कृष्णवर्णीय. त्यांचा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. पैसा माणसाच्या हातात न देता बँकेला किंवा कंत्राटदाराला द्यायचा, तर ही भरपाई नव्हे, ती एक गृहयोजना झाली. ज्याचं नुकसान झालं त्यानंच आपल्या पैशाचं काय करायचं ते ठरवावं. रोख रकमेवर प्राप्तिकर लागेल, ही नगराची अडचण होती. भाड्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना या योजनेचा काही उपयोग नव्हता. अखेर २०२३ मध्ये परिषदेनं रोख रकमेचा पर्याय खुला केला. फ्लेमिंग यांचं म्हणणं दोन वर्षांनी का होईना, निम्मं तरी मान्य झालं.

पैसा मात्र हळूहळू येत राहिला. शहरात सुरुवातीला गांजाचं एकच अधिकृत दुकान होतं, आणि एका दुकानाच्या गल्ल्यावर पन्नास वर्षांचा हिशेब फिटणार कसा? म्हणून पुढे मालमत्ता हस्तांतरणाच्या करातूनही रक्कम जोडली गेली. खाजगी देणगीदारांसाठी स्थानिक सामुदायिक प्रतिष्ठानाच्या आश्रयानं वेगळा निधी आहे आणि तो कशावर खर्चायचा ते कृष्णवर्णीय रहिवाशांचं मंडळ ठरवतं. ही विभागणी मला योग्य वाटते. देणग्या नगराच्या खात्यात मिसळल्या असत्या, तर परिषदेला आपला वाटा आखडता घ्यायची सबब मिळाली असती. शिवाय शाळा, उद्योग, आरोग्य अशा ज्या गोष्टींना नगराचे नियम पुरे पडत नाहीत, तिथे हा दुसरा पैसा जाऊ शकतो.

मे २०२४ मध्ये ‘ज्युडिशियल वॉच’ या पुराणमतवादी संस्थेनं शिकागोच्या संघराज्य न्यायालयात इव्हॅन्स्टनवर दावा लावला. फिर्यादी १९१९ ते १९६९ याच काळात शहरात राहिलेल्या, पण कृष्णवर्णीय नसलेल्या लोकांचे वंशज. त्यांचं म्हणणं, या योजनेत अर्जदाराला स्वतःवरचा भेदभाव सिद्ध करावा लागत नाही, त्याचा वंशच पुरावा धरला जातो आणि हे राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या हमीविरुद्ध आहे. ही दुरुस्ती १८६८ मध्ये झाली ती नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या रक्षणासाठी, याचं स्मरण ठेवूनच तो दावा वाचायला हवा. नगराच्या बाजूला आधार आहे तो रॉबिन्सन-थॉम्पसन यांच्या अहवालाचा. १९२१ चे झोनिंग नियम, घरं हलवण्याचे परवाने, बंद झालेली दारं, एकेक नोंद तारखेनिशी.

खाजगी दानालाही कायद्यानं मोकळं सोडलेलं नाही. अटलांटाच्या ‘फिअरलेस फंड’नं कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी २० हजार डॉलरांची अनुदानं ठेवली, तर १८६६ च्या नागरी हक्क कायद्याच्याच आधारे त्यांना न्यायालयात खेचलं गेलं आणि २०२४ मध्ये तडजोड करून ती अनुदानं बंद करावी लागली. तो खटला पुढच्या आठवड्यात.