दुव्यांची साक्ष

सोलापूर हे नाव कानी पडताच ज्याला चादर आठवणार नाही, असा मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. समजा, परगावचा एक पाहुणा चादर घेण्यासाठी सोलापूरच्या स्थानकावर उतरला. शहर अनोळखी, दुकाने पुष्कळ आणि प्रत्येक दुकानाची पाटी आपलाच माल उत्तम असल्याचे सांगणारी! अशा वेळी शहाणा पाहुणा पाट्या वाचीत बसत नाही. तो चार माणसांना विचारतो आणि ज्या दुकानाकडे अनेकांची बोटे वळतात, तिकडे आपली पावले वळवितो.

इंटरनेटवर माहिती शोधणाऱ्याची स्थिती या पाहुण्यासारखीच असते. ‘सोलापुरी चादर’ हे दोन शब्द शोधयंत्रात लिहिताच क्षणार्धात असंख्य पानांची यादी समोर येते. त्यांतील कोणते पान आधी आणि कोणते मागाहून, हे कशावरून ठरते?

आरंभीच्या काळातील शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्द पाहत असत. शोधलेला शब्द ज्या पानावर अधिक वेळा येई, ते पान वर लागे. ही पाटी वाचून दुकान निवडण्याचीच रीत होय. लबाडांनी तिचा लाभ घेतला. एकच शब्द शेकडो वेळा लिहिलेली निरुपयोगी पाने यादीत वर चढू लागली.

यावर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन तरुणांनी उपाय शोधला. १९९८ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी ‘गूगल’ ही कंपनी स्थापन केली. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या वाटेस ‘दुवा’ म्हणतात. एखाद्या पानाने दुसऱ्याकडे दुवा दिला, म्हणजे तेथे पाहण्याजोगे काही आहे अशी साक्षच दिली, असे त्यांनी मानले. पान स्वतःविषयी काय म्हणते, यापेक्षा इतर पाने त्याची दखल घेतात की नाही, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. या पद्धतीस ‘पेजरँक’ असे नाव आहे.

परंतु सर्वच साक्षी सारख्या मोलाच्या नसतात. चाळीस वर्षे माग चालविलेल्या विणकराचा शब्द आणि वाटेवरील कोणाही माणसाचा शब्द यांत अंतर असतेच. म्हणून ज्या पानाला स्वतःला मोठा मान, त्याच्या दुव्याचे वजनही मोठे. तसेच, जो मनुष्य पन्नास दुकानांची शिफारस करतो, त्याच्या एकेका शिफारशीस फारसा अर्थ उरत नाही. समजा, एका पानाचे मोल १२ आहे. त्याने ३ दुवे दिले, तर प्रत्येकाच्या वाट्यास ४ येतात. १२ दुवे दिले, तर अवघा १ येतो.

येथे चतुर विद्यार्थी विचारील, की साक्षीदाराचे मोल कळल्यावाचून साक्षीचे मोल कसे ठरावे? त्यासाठी संगणक आरंभी सर्व पानांना सारखेच मोल देतो, ते दुव्यांप्रमाणे वाटतो आणि आलेल्या नव्या मोलांची पुन्हा वाटणी करतो. प्रत्येक फेरीत थोडा वाटा सर्व पानांना सारखा मिळतो, त्यामुळे एकही पान अगदी रिते राहत नाही. अशा अनेक फेऱ्या झाल्या, की आकडे स्थिर होतात.

जेथे नावलौकिक आहे, तेथे नक्कल येतेच. सोलापुरी चादरीस भौगोलिक चिन्हांकनाचे संरक्षण लाभले आहे. तरीही दुसरीकडे विणलेल्या चादरी सोलापूरच्या नावावर विकणारे निघालेच. दुव्यांचेही तसेच झाले. कोणी पैसे देऊन दुवे विकत घेतले, तर कोणी एकमेकांची वाहवा करणाऱ्या खोट्या पानांचे जाळे उभारले. २०१२ साली गूगलने ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा करून अशा अनेक पानांना खाली ढकलले. आज शोधयंत्रे इतरही पुष्कळ गोष्टी पाहतात. तरी दुव्यांची साक्ष ती अद्याप विचारात घेतात.

मात्र पुष्कळांची साक्ष म्हणजे सत्य नव्हे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली ते युद्धग्रस्त चीनमध्ये रुग्णसेवेसाठी गेले आणि १९४२ साली तेथेच निधन पावले. समजा, सोलापुरातील एखाद्या शाळेच्या मुलांनी त्यांच्या स्मारकास भेट देऊन आणि ग्रंथ चाळून त्यांच्याविषयी एक अचूक पान तयार केले. त्याकडे कोणीच दुवा दिला नाही, तर ते यादीच्या तळाशी पडून राहण्याचा संभव आहे. उलट, चुकीचे साल सांगणारे एखादे पान अनेकांनी न वाचताच दिलेल्या दुव्यांच्या बळावर वर जाऊन बसू शकते. अशा वेळी दोष केवळ यंत्राचा नसतो. न पाहता साक्ष देणाऱ्यांचाही असतो.

शहाणा पाहुणा लोकांनी दाखविलेल्या दुकानात जातो खरा. पण चादर हाती घेऊन, तिची वीण उलटसुलट पाहूनच पैसे मोजतो. यादीतील पहिले पानही असेच पारखून घ्यावे. आणि आपण दुसऱ्यास वाट दाखवू, तेव्हा ती आधी स्वतः पाहिलेली असावी.