मेंढ्याचं वाहतूक पुस्तक

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना मेंढा लागतं. शंभराच्या आसपास घरांचं गोंडांचं गाव. शेजारच्या लेखा गावामुळे बाहेरचे लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही इथली घोषणा सगळीकडे गेली. मला मात्र घोषणेहून इथला अभ्यासगट मोलाचा वाटतो.

१९८०च्या दशकात इंचमपल्ली-भोपालपट्टणम धरणांविरुद्ध जिल्हा उठला. त्या काळापासून गावातले देवाजी तोफा आणि इतर गावकऱ्यांना कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची सोबत मिळाली. मोहनभाऊंनी गावाचं पुढारपण घेतलं नाही. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, जाणकाराला हवं ते विचारायचं. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला. यात वेळ जातो, पण पुढे कोर्टकचेरीच्या भाषेशी गाठ पडली तेव्हा हीच सवय कामी आली.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या नियमांमध्ये जंगलावरच्या हक्काच्या दाव्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांची एक यादी आहे, ती प्रत्येक कार्यकर्त्याने नीट वाचावी. निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांची नोंद), नकाशे, सरकारी नोंदी तिच्यात आहेतच. पण जुनी स्मशानभूमी, विहीर, देवस्थानही पुरावा म्हणून चालतं, आणि दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली, लिहून घेतलेली हकीकतसुद्धा. ज्यांच्याकडे सात-बारा कधी नव्हताच, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट! गावाची शीव कुठून जाते हे ज्या आजोबांना पाठ आहे, त्यांचं बोलणं फाईलला लागतं.

२००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी हे एक.

खरी अडचण त्यानंतर आली. बांबू गावाचा, पण तो बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. खातं म्हणे, १९२७च्या वन कायद्याप्रमाणे बांबू हे झाड, म्हणून परवाना आम्हीच देणार. ग्रामसभेने नव्या कायद्यातलं कलम २ पुढे केलं. गौण वनोपजावर हक्क गावाचा, आणि त्याच्या व्याख्येत बांबू हा शब्दच लिहिलेला आहे. एवढ्या एका शब्दासाठी गाव दीड-दोन वर्षं अडून राहिलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

आज एकट्या गडचिरोलीत हजारावर गावांकडे सामूहिक हक्काचे पट्टे आहेत. तरी अनेक ठिकाणी दावे परत येतात. दावा फेटाळला तर लेखी कारण मागता येतं, ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. हे ठाऊक असलेलं एक तरी माणूस गावात हवं, आणि त्या ६० दिवसांच्या आत ग्रामसभा बसायला हवी.