कल्हईचा नवसागर आणि कारखान्यांतील फवारा
(नभोवाणीवरील भाषण)

कल्हईवाल्याला काम करतांना आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. भात्यानें विस्तव फुलवून तो भांडें तापवी, त्यांत नवसागराची पूड टाकी आणि कथलाची कांडी लावून बोळ्यानें फिरवी. तोंच भांडें रुप्यासारखें लखलखूं लागे. मुलांचे डोळे त्या चकाकीवर खिळत; पण खरें काम त्या चिमूटभर नवसागराचें. तांब्यापितळेवर हवेमुळें चढलेलें पुट तो काढून टाकतो, व उघड्या धातूलाच कथील धरतें. मळक्या धातूवरून तें अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणें घरंगळून जातें.

घरांतील विजेच्या उपकरणांच्या पोटांत जो सर्किट-बोर्ड असतो, त्यालाहि हाच न्याय लागू आहे. त्याच्या छिद्रांतून खालीं आलेल्या तारांना डाख देण्यासाठीं कारखान्यांत वितळलेल्या डाखाची लाट सारखी उसळत ठेवतात, आणि सुमारें ५ ते ७ अंशांच्या चढणीनें बोर्ड तिच्या माथ्यावरून नेतात. स्पर्श अवघा दोनचार सेकंदांचा. तेवढ्यांत शेंकडों सांधे जुळावयाचे, तर त्यापूर्वीं नवसागराचें काम करणारा फ्लक्स लावून बोर्ड तापविलेला हवा.

पूर्वीं उघड्या टांकींत राळयुक्त फ्लक्स फेंसाळवून त्यावरून बोर्ड नेत, व मागें राहिलेली राळ द्रावकांनीं धुऊन काढीत. त्यांतील कांहीं द्रावक ओझोनच्या थरास घातक ठरले, व १९८७ च्या मॉन्ट्रिऑल करारानंतर ते मागें पडत गेले. मग धुण्याची गरजच पडूं नये असा फ्लक्स प्रचारांत आला. त्यांत घन भाग शेंकडा दोन ते पांच, बाकी बहुधा मद्यार्क. हा नीट फेंसाळत नाहीं आणि मोजकाच द्यावा लागतो. म्हणून बंद टांकी व फवारा.

मोजका कां? त्यांतील सौम्य आम्लें उष्णतेनें निष्प्रभ होतात, पण ती उष्णता मिळाली तरच. फवारा अधिक झाला, किंवा छिद्रांतून वरच्या अंगास चढला, तर लाट न पोंचणाऱ्या जागीं आम्ल तसेंच राहतें. असा बोर्ड कारखान्याच्या परीक्षेंत उत्तीर्ण होऊं शकतो. पावसाळ्याची दमट हवा लागली म्हणजे मात्र शेजारच्या दोन रेषांमध्यें विजेची गळती सुरू होते. उलट फवारा कमी पडला, तर छिद्रें अर्धवट भरतात व शेजारचे सांधे एकमेकांस चिकटतात.

फ्लक्स डोळ्यांना दिसत नाहीं. मग पारख कशी करावी? युक्ति सोपी आहे. दुकानांतील छापील पावतीचा, उष्णतेनें काळा पडणारा कागद मद्यार्कानेंहि काळवंडतो. तो रिकाम्या छिद्रमय बोर्डावर घट्ट बसवून फवाऱ्यावरून न्यावा, आणि तापण्यापूर्वींच बाहेर काढावा. रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणें सर्वत्र सारखे ठिपके उमटले, तर ठीक. मध्येंच पट्टा कोरा राहिला, तर तोटी तुंबली आहे, अथवा तिच्या येरझाऱ्यांचा वेग बोर्डाच्या चालीशीं जुळत नाहीं. एकूण मात्रा कळण्यासाठीं फवाऱ्यापूर्वीं व लगेच नंतर बोर्डाचें वजन करतात.

तोटीच्या तोंडाशीं फ्लक्स वाळून खडा धरतो. म्हणून पाळी संपतांच ती मद्यार्कानें धुवावी, गाळणी पाहावी. उडालेला तुषार धुराड्यांत सांचतो व तो ज्वालाग्राही असतो. तेव्हां धुराड्याची सफाई ही केवळ टापटीप नव्हे, आगीपासूनचें रक्षण आहे.

कल्हई बिघडली, तर ताक कळकून गृहिणीला लगेच समजे, आणि कल्हईवाला त्याच आळींत भेटे. येथें दोष दोन पावसाळ्यांनीं उघडा पडतो, आणि तोटी सांभाळणारा आपणांस कधींच दिसत नाहीं. म्हणूनच रोज सकाळीं तो कागद न चुकतां काढून पाहणाऱ्या त्या अनोळखी माणसाच्या सचोटीवर आपला विश्वास उभा असतो.