पहिल्या दुर्बिणीतून काय पाहावे?

नवी दुर्बीण प्रथमच आकाशाकडे रोखली जाते, तेव्हा निरीक्षकाच्या मनात पुस्तकांतील रंगीत छायाचित्रे घोळत असतात. ती छायाचित्रे यंत्रांनी दीर्घ काळ प्रकाश साठवून घेतलेली असतात. मानवी डोळ्यास असा साठा करता येत नाही. म्हणून पहिल्याच रात्री अंधुक दीर्घिकेच्या शोधास निघालेल्या नवशिक्याच्या पदरी निराशा येते आणि दुर्बीण माळ्यावर जाते. दोष बहुधा दुर्बिणीचा नसतो. तो निवडीचा असतो.

लक्ष्याची निवड दुर्बिणीच्या शक्तीस धरून असावी. ही शक्ती मुख्यतः वस्तुभिंगाच्या व्यासावर अवलंबून असते. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर विस्तारते. ६० मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या सुमारे सत्तर पट प्रकाश गोळा करते. प्रतिमा किती पट मोठी दिसेल, हे मात्र नेत्रभिंगावर ठरते. वस्तुभिंगाचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर आणि नेत्रभिंगाचे २५ मिलिमीटर असल्यास प्रतिमा २८ पट मोठी दिसते. १० मिलिमीटरचे नेत्रभिंग लावल्यास ७० पट. परंतु प्रतिमा मोठी होताच तोच प्रकाश अधिक जागेत पसरून ती फिकी पडते व हवेची थरथरही वाढलेली दिसते. यास्तव कोणतेही लक्ष्य प्रथम कमी शक्तीच्या नेत्रभिंगाने शोधावे.

पहिला मान चंद्राचा. पौर्णिमेचा चंद्र मात्र निवडू नये. त्या रात्री सूर्यप्रकाश आपल्या दृष्टीच्याच दिशेने चंद्रावर पडत असल्याने सावल्या दिसेनाशा होतात. शुद्ध अष्टमीच्या सुमारास उजेड व अंधार यांच्या सीमेवर पाहावे. तेथे सूर्य नुकताच उगवत असतो. विवरांच्या कडा उजळलेल्या व तळ काळेभोर दिसतात, आणि दोन-तीन तासांत त्या सावल्या आखूड होताना ध्यानात येतात.

त्यानंतर ग्रह घ्यावेत. गॅलिलिओने १६१० साली गुरूजवळ पाहिलेले चार उपग्रह लहान दुर्बिणीतूनही दिसतात. सलग चार रात्री त्यांच्या जागा वहीत काढल्या, तर ते गुरूभोवती फिरतात हे निरीक्षकास स्वतःच्या डोळ्यांनी पटते. शनीची कडी सुमारे पन्नास पट विशालनात ओळखू येतात. २०२५ साली ती कडेने पृथ्वीकडे वळल्याने जवळजवळ अदृश्य झाली होती; अशी स्थिती साधारणतः दर पंधरा वर्षांनी येते.

तारे कितीही मोठ्या विशालनात बिंदूच राहतात. त्यांची मौज जोडताऱ्यांत आहे. सप्तर्षींतील वसिष्ठ व अरुंधती ही जोडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुर्बिणीतून स्वतः वसिष्ठच दुहेरी असल्याचे आढळते. १६८९ साली पुदुच्चेरी येथे झां रिशो हे फ्रेंच धर्मोपदेशक धूमकेतूचे निरीक्षण करीत असता नरतुरंगातील अल्फा सेंटॉरी हा तारा दुहेरी असल्याचे त्यांना दिसले. भारतात दुर्बिणीने लागलेल्या अगदी आरंभीच्या शोधांपैकी हा एक होय.

अंधुक लक्ष्ये शेवटी, अमावास्येच्या आसपास आणि गावातील दिव्यांपासून दूर घ्यावीत. डोळे अंधारास सरावण्यास निदान वीस मिनिटे द्यावीत. हिवाळ्यात कृत्तिकांचा गुच्छ व मृगातील तेजोमेघ उत्तम. हा तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असून तो रंगीत न दिसता करड्या धुक्यासारखा दिसतो. त्याच्या किंचित बाजूस दृष्टी ठेवल्यास तो अधिक स्पष्ट होतो, कारण दृष्टिपटलाचा मध्यभाग मंद प्रकाशास कमी संवेदनशील असतो. सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका केवळ एक धूसर ठिपका वाटेल. पण तो प्रकाश किती जुना आहे हे ठाऊक असलेल्यास तो ठिपका पुरेसा आहे.

सूर्याकडे मात्र दुर्बीण कदापि रोखू नये. क्षणार्धात दृष्टी कायमची जाऊ शकते.

एका रात्री दोन-तीनच लक्ष्ये निवडावीत, प्रत्येकास पुरेसा वेळ द्यावा आणि दिनांक व वेळेसह दिसेल तेवढेच रेखाटावे. डोळाही सरावानेच पाहू लागतो. पहिल्या रात्री न दिसलेली विवरे दहाव्या रात्री त्याच दुर्बिणीतून दिसू लागतात.