चौथाईने पालटणारी दिनचर्या

गुढीपाडव्याच्या प्रातःकाळी मनुष्य जे संकल्प करतो, त्यांपैकी बहुतेकांची मुदत चैत्र सरण्याच्या आतच संपते, आणि त्याचे खापर आपण आपल्या दुबळ्या मनोनिग्रहावर फोडून मोकळे होतो. परंतु आपल्या प्राचीन वैद्यांनी या विषयाचा जो बारकाईने विचार करून ठेवला आहे तो पाहिला, म्हणजे उणीव निग्रहापेक्षा रीतीत अधिक होती, हे ध्यानात येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेली अहितकर सवय सुज्ञाने क्रमाक्रमाने सोडावी आणि हितकर सवय तशीच क्रमाने धरावी, एवढेच सांगून आचार्य थांबत नाहीत, तर त्या क्रमाचा तपशीलही देतात: जे सोडावयाचे ते चतुर्थांशाने सोडावे, त्याच्या जागी जे धरावयाचे तेही चतुर्थांशानेच घ्यावे, आणि दोन पायऱ्यांमधील अंतर प्रथम एका दिवसाचे, मग दोन दिवसांचे, मग तीन दिवसांचे असे वाढवीत न्यावे. साधारणतः सातव्या शतकातला मानला जाणारा वाग्भट आपल्या ‘अष्टांगहृदया’त याच्याही पुढे जाऊन असे बजावतो की, दीर्घकाळ सेवन केलेली वाईट वस्तूसुद्धा एकाएकी टाकली, किंवा चांगली वस्तू एकाएकी अंगीकारली, तर त्यातूनच विकार उद्भवतो. थोडेथोडे करून घालविलेले दोष पुन्हा परतत नाहीत व थोडेथोडे करून मिळविलेले गुण ढळत नाहीत, असा दोघांचाही निर्वाळा आहे.

दिवसाकाठी चार कप चहा घेणाऱ्या एखाद्या कारकुनाने आपला चहा कमी करण्याचे मनावर घेतले, तर या रीतीप्रमाणे त्याने पहाटेच्या, म्हणजे सर्वांत प्रिय, कपाला हात लावू नये. दुपारी चारचा जो कप केवळ टेबलाशी आणून ठेवतात म्हणून प्यायला जातो, तेवढा सोडून त्याच्या जागी पेलाभर ताक घ्यावे, आणि ते शरीराने मानून घेतल्यावाचून दुसऱ्या कपाचा विचारही करू नये. पाहणाऱ्याला ही प्रगती नगण्य वाटेल. पण चारांचे तीन होणे ही गोष्ट जो खरोखर घडवून आणतो, त्याला आपल्या दिवसावर आपला काही अंमल चालतो याचा प्रत्यय प्रथमच येतो, आणि माझ्या मते आरोग्याचा सारा व्यवहार या प्रत्ययापासून सुरू होतो.

मराठी वाचकाला हे ग्रंथ परके नाहीत. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी केलेले ‘सार्थ वाग्भट’ हे भाषांतर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले, आणि त्यातील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय, जो दिनचर्येचा म्हणून प्रसिद्ध आहे, तो वैद्य नसलेल्या माणसानेही सावकाश वाचावा असा आहे. उठणे, दात घासणे, अंगाला तेल लावणे, व्यायाम, स्नान, बोलणे, वागणे अशा लहानसहान गोष्टींतून तो माणसाचा सारा दिवस उभा करतो, आणि इंद्रियांना छळूही नये व त्यांचे फाजील लाडही पुरवू नयेत, असा मध्यम मार्ग सर्वत्र सुचवितो. व्यायामसुद्धा तो बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच करावा, इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे म्हणतो; आणि ही अर्धी शक्ती ओळखावी कशी, तर श्रम करताना श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे, ही खूण सुश्रुताने देऊन ठेवली आहे. सकाळच्या फेरफटक्यासाठी याहून सोपे मोजमाप मला ठाऊक नाही, आणि त्याला मनगटावर कोणतेही यंत्र बांधावे लागत नाही.

परंतु ज्या एका सवयीपाशी अधिक रेंगाळावे असे मला वाटते ती जेवणाची. चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जेवण्याचा विधी सांगितला आहे: अन्न ऊन असावे, स्निग्ध असावे, मापात असावे, आधीचे पचल्यावर घ्यावे, मनाजोग्या जागी बसून घ्यावे, फार भरभर खाऊ नये, फार रेंगाळतही खाऊ नये, बोलू-हसू नये, चित्त अन्नात असावे, आणि आपल्या प्रकृतीकडे नीट पाहून जेवावे. भरभर खाणाऱ्याला अन्नातले गुणदोषच नीट उमगत नाहीत, आणि फार हळू खाणाऱ्याची तृप्ती होत नाही, तो अधिक खातो व त्याचे अन्न निवून जाते, अशी दोन्ही बाजूंची कारणे त्याने दिली आहेत. यावरून निवांतपणा म्हणजे मंदपणा असा जो समज आज दृढ होत चालला आहे, तो त्याला मान्य नव्हता हे उघड आहे. आपल्या घरांतून पूर्वी पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालीत, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये वरणभातावर तुपाची धार, आणि सर्वांची पाने वाढून होईतो कोणी घास उचलीत नसे. या उपचारामागे धर्मभावना होती हे खरेच. तथापि पान समोर येणे आणि पहिला घास तोंडात जाणे यांच्या दरम्यान जी दोन-चार मिनिटे त्यामुळे लाभत, त्यांत दगदगीने आलेला माणूस श्वास टाकी, वास घेई, भूक किती आहे ते जाणी. चित्राहुती आज ज्याला घालावयाची नसेल त्याने न घालावी, पण ती मिनिटे मात्र राखावीत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, ताट पूर्ण वाढून घेऊन, मगच बसावे. आठवड्यातून चार-पाच जेवणांपुरते हे जमले तरी तो चतुर्थांश सहज साधला.

घाईचा सर्वांत मोठा उपद्रव ती आपल्याला देहाशी खोटे बोलावयास लावते हा होय. मल, मूत्र, शिंक, तहान, भूक, झोप, श्रमाने लागलेली धाप, जांभई, अश्रू इत्यादी तेरा वेग कधी अडवू नयेत, असे चरक व वाग्भट दोघेही आवर्जून सांगतात; उलट लोभ, क्रोध, भय, मत्सर यांचे वेग आवरावेत, असे चरकाचे म्हणणे. आपण नेमके विपरीत चालतो: रागाला मोकळीक आणि तहानेला तहकुबी. बसस्थानकावर वा कचेरीत स्वच्छ सोय नाही म्हणून आपल्या असंख्य भगिनी सकाळी पाणीच पीत नाहीत, हा काही त्यांच्या वैयक्तिक सवयीचा दोष म्हणता येणार नाही. तो सार्वजनिक व्यवस्थेचा गुन्हा आहे, आणि आरोग्याच्या गोड उपदेशांत त्याचा उल्लेख गाळणे मला अप्रामाणिक वाटते. पण जेथे आपला हात पोहोचतो, तेथे तहान लागताच उठून पाणी प्यावे, डोळे मिटू लागले की दिवा मालवावा, आणि रडू आले तर रडावे. वाग्भटाने अश्रूंना या यादीत स्थान दिले, हे त्याच्या ग्रंथातील मला सर्वांत माणुसकीचे विधान वाटते.

त्याच दिनचर्येच्या अध्यायात तो आणखी एक सवय सांगतो: माझे दिवस आणि माझ्या रात्री सध्या कशा जात आहेत, हे जो नित्य स्मरणात ठेवतो तो दुःखाचा धनी होत नाही. दुकानदार रात्री रोजकीर्द लिहितो, तशी दोन ओळींची नोंद यासाठी पुरे: आज काय मनापासून केले, आणि काय केवळ कोणी तगादा लावला म्हणून केले. महिनाभराने ती पाने चाळली असता दुसऱ्या रकान्यात तीच तीच चार कामे पुन्हा पुन्हा आलेली दिसतात, आणि त्यांपैकी एखादे तरी विनातक्रार सोडून देता येण्याजोगे असते.

निद्रेविषयी एवढेच, की शरीरात दिवसरात्रीचे घड्याळ पेशीपेशींतून चालते, हे ज्यांनी माश्यांवरील प्रयोगांतून उलगडले त्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना 2017 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. निजण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी या जुन्या आग्रहाला त्यामुळे नवा आधार लाभला आहे. परंतु ज्यांच्या चाकरीतच रात्रपाळी लिहिलेली आहे, त्या परिचारिका, पहारेकरी, रेल्वेचे व गिरणीचे कामगार यांना ब्राह्ममुहूर्ताचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे होईल. त्यांच्याकरिताही वाग्भटाने सोय करून ठेवली आहे: सवय नसता जेवढा काळ जागरण घडले, त्याच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता, झोपावे. रात्रपाळीहून परतलेल्या माणसाने घरात शिरल्यावर न्याहारीच्या आधी अंथरूण घालावे, आणि घरच्यांनी तेवढे तास दार लोटून घ्यावे.