पहाटेपर्यंत टिकणारे ऊन

नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी करायचे असते. त्या वेळी सोलरच्या नळाला येणारे पाणी आदल्या दिवशीच्या उन्हाने तापलेले असते. ऊन पकडणे हे या यंत्राचे अर्धेच काम. ते रात्रभर सांभाळणे हे उरलेले अर्धे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसवलेले सोलर आता थकले आहेत आणि ‘बदलून टाका’ हा सल्ला सहज मिळतो. माझ्या मते हा निर्णय वयावरून घेऊ नये. काम नेमके कुठे अडले, ते आधी शोधावे.

ही विभागणी जुनी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्प यांनी १८९१ मध्ये ‘क्लायमॅक्स’ हीटरचे पेटंट घेतले. त्यात काचेच्या झाकणाच्या पेटीत पाण्याच्या टाक्याच ठेवलेल्या असत. पाणी दुपारी तापे, रात्री निवे. पुढे १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवण्याची जागा आणि साठवण्याची टाकी वेगळी केली, टाकीला उष्णतारोधक वेष्टण दिले आणि हीटरला ‘डे अँड नाइट’ असे नाव ठेवले. आपल्या गच्चीवरचा संच याच तत्त्वावर चालतो. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते, गार पाणी खाली उतरते. पंप लागत नाही.

म्हणून तपासणीही दोन वेळा करावी. स्वच्छ उन्हाच्या दिवशी गरम पाणी न वापरता संध्याकाळी पाच वाजता तापमान मोजावे आणि पुन्हा पहाटे पाच वाजता. दोन्ही वेळा नळीतले गार पाणी आधी वाहू द्यावे.

संध्याकाळीच पाणी कोमट असेल, तर दोष पकडण्यात आहे. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी तापले की त्यातला क्षार तांब्याच्या नळ्यांत थर धरतो. तो जाणकाराकडून साफ करून घेता येतो. काचनळ्यांचा संच असेल, तर नळीच्या टोकाचा चंदेरी डाग पाहावा. तो पांढरा पडला असेल, तर निर्वात पोकळीत हवा शिरली आहे. तेवढी नळी बदलावी. दक्षिणेला नवी इमारत झाली आहे का, हेही पाहावे. डिसेंबरअखेर पुण्यात भर दुपारीसुद्धा इमारतीची सावली तिच्या उंचीच्या सुमारे नऊ दशांश लांब पडते. अशा सावलीत नवा संचही गारच राहील.

संध्याकाळी पाणी कडकडीत आणि पहाटे वीसेक अंश उतरलेले, तर दोष सांभाळण्यात आहे. टाकीच्या पत्र्यातून पाणी झिरपत असेल, तर आतली टाकी बहुधा फुटली आहे आणि वेष्टण भिजून निकामी होत आहे; त्या टाकीवर आणखी खर्च करू नये. पण टाकी कोरडी असून मध्यरात्री पॅनेलची वरची नळी गरम लागत असेल, तर पाणी उलटे फिरत आहे. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेहून साधारण फूटभर उंच असावा.

दोन्ही मोजमापे ठीक असूनही न्हाणीघरात पाणी कोमट येते, त्याला अनेकदा मिक्सर कारण असतो. तो आतून गळला की गार पाणी गरम नळीत शिरते. ही दुरुस्ती प्लंबरची.

आता हिशेब. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट वीज लागते. पावसाळा व ढगाळ दिवस वगळून वर्षाचे २४० दिवस धरले, तर ९६० युनिट होतात. त्याला आपल्या बिलातल्या दराने गुणावे. मात्र जुना संच काहीच देत नाही असे धरू नये. विक्रेता तसेच धरतो. जुना आज जे देतो ते वजा करावे. उरलेल्या फरकातून नव्या संचाची किंमत फिटायची असते.

आमचा संच २०० लिटरचा, माणसे आता दोनच. संध्याकाळी ६२ अंश, पहाटे ३८. टाकीच्या खालच्या शिवणीला ओल. तांब्याची पॅनेले मात्र धडधाकट आहेत. त्यामुळे टाकी तेवढी बदलायची, तीही तेवढ्याच क्षमतेची, असे ठरवले. टाकी मोठी असली तर ढगाळ दिवशीही कालचे पाणी उरते, आणि साठीकडे झुकलेल्यांना पहाटे गीझरची वाट पाहावी लागत नाही. पॅनेले भंगारात घातली असती, तर चालते तांबे मोडीच्या भावाने गेले असते.